नसीमची मान

आमच्या घरी दिवस उजाडायचा तो कण्हण्यानं. मी उठून अंगणात चूळ भरायला आले की सोप्यात, दाराच्या पडवीत, माणसं बसलेली असायची. कुणाचा खांदा निखळलेला, कुणाचा घोटा सुजून गरगरीत झालेला, कुणी मान वाकडी करून एकटक भिंतीकडं बघत, कारण दुसरीकडं बघायची सोयच उरलेली नसायची. आण्णा, म्हणजे माझे वडील, तालमीतून परत येईपर्यंत ही मंडळी अशीच बसून राहायची. आण्णा दिवसा शिरोलीच्या एका फाउंड्रीत साचे भरायचे, पण आमच्या पेठेत त्यांना कामगार म्हणून कुणी ओळखत नव्हतं. ते वस्ताद होते. पोरांना कुस्ती शिकवायचे आणि कुस्तीत मुरगळलेलं, निखळलेलं सगळं आपल्या हातानं जागेवर आणून द्यायचे. अंगावरची तांबडी माती धुण्याआधी ते सोप्यात यायचे, तेलाची बाटली मागायचे, आणि मग माझ्या लहानपणातला सगळ्यात ओळखीचा आवाज यायचा.

तो मानेचा आवाज. आण्णा माणसाला पाटावर बसवायचे, मागं उभे राहायचे आणि तेलाचा हात मानेवरून फिरवत गप्पा काढायचे. "पावणं, ऊस गेला काय तुमचा?" पावणं उत्तर द्यायला तोंड उघडायचे आणि तेवढ्यात हनुवटीखालचा आण्णांचा हात झटका द्यायचा. कट्ट. क्षणभर सोप्यात कुणी श्वास घ्यायचं नाही. मग तो माणूस हळूच मान वळवायचा, इकडं, तिकडं, आणि हसायला लागायचा. सगळेच हसायचे. आई आतून चहा पाठवायची. मला तो आवाज आवडायचा. तो ऐकला की घरात सगळं ठीक आहे असं वाटायचं. कुणाच्या घरी देवळातली घंटा ऐकू येते, आमच्याकडं हे.

आईचं जग वेगळं होतं आणि ते कागदाचं होतं. ती बायकांच्या एका संघटनेत होती आणि संघटनेची पत्रकं आमच्या घरात राहायला असायची. सुतळीनं बांधलेल्या गठ्ठ्यांवर आम्ही बसायचो, कपाटात साड्यांखाली पत्रकं, चटणीच्या डब्याखाली पत्रक, भाकरी गुंडाळायलाही उरलेलं जुनं पत्रक. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. हुंडा मागणाऱ्याच्या दारात जाऊ नका. साप चावला तर मांत्रिकाकडं नेऊ नका, दवाखान्यात न्या. अंगात येणं हा आजार आहे, देव नाही. प्रत्येक वाक्य मूठ आवळल्यासारखं. आई स्वयंपाकघरात खर्डा वाटता वाटता मला वाचून दाखवायला सांगायची आणि एखादा शब्द मवाळ वाटला की वरवंटा थांबवून म्हणायची, "हितं 'कृपया' कशाला घातलंय गं? काढ ते." एवढ्या पत्रकांत मान लचकली तर वस्तादाकडं नेऊ नका असं मात्र एकही नव्हतं. आईला ते सुचलं नाही, आणि मलाही नाही. मांत्रिक लोकांच्या घरी असतात. आमच्या घरी आण्णा होते.

आज लष्कराच्या दवाखान्यात मी जवानांच्या हाडांवर उपचार करते आणि माझं टिपण वाचून वरिष्ठ म्हणतात की मेजर, तुम्ही रिपोर्ट लिहिता की जाहीरनामा. त्याला मी काही करू शकत नाही.

रग्बी आमच्याकडं आली ती शाळेच्या खेळाच्या सरांमुळं. ते कुठल्याशा शिबिराहून एक लांबट चेंडू घेऊन आले आणि आम्हा कबड्डीच्या पोरींना म्हणाले, हे खेळायचं. आण्णांनी तो चेंडू हातात घेऊन उलटासुलटा केला. "ह्यो बॉल हाय? पपई हाय की ही." पण मी पहिल्यांदा एका पळत्या पोरीला कमरेत धरून खाली आणलं तेव्हा माझ्या अंगात जे झालं ते मला कबड्डीनं कधी दिलं नव्हतं. माझ्याबरोबर नसीम होती. तिचे अब्बा ट्रकच्या बॉड्या रंगवायचे आणि ती आमच्याच गल्लीत, चार घरं पलीकडं राहायची. माझ्याहून बारीक, माझ्याहून वेगवान, आणि भीती हा प्रकार तिला कुणी सांगितलाच नव्हता. संध्याकाळी सराव संपला की आण्णा आम्हा दोघींना दुधाच्या कट्ट्यावर न्यायचे. म्हैस तिथंच उभी असायची, गवळी समोर धार काढून फेसाचा ग्लास हातात द्यायचा. दूध मला अजिबात आवडायचं नाही. नसीम स्वतःचा ग्लास संपवायची, आण्णांची पाठ वळली की माझाही संपवायची, आणि पांढऱ्या मिशा घेऊन आण्णांना म्हणायची, "वस्ताद, वैशीला अजून एक द्या. लई कमी पिती ती."

आण्णांनी आम्हाला कुस्तीतला पट हा डावही शिकवला. पोरींना तालमीच्या मातीत, हौद्यात, उतरू देणं पेठेतल्या बऱ्याच जणांना रुचलं नाही, म्हणून त्यांनी मागच्या मोकळ्या जागेत गाद्या टाकल्या. समोरच्याच्या पायांत घुसायचं, गुडघ्यामागं हात घालायचे आणि उचलायचं. सर खूश होते. आमच्या पोरी धरलेलं माणूस सोडत नाहीत, असं ते बाहेरच्या संघांना सांगायचे. एकच गोष्ट ते ओरडून ओरडून सांगत राहायचे: "डोकं मागं! पळणारीच्या पाठीमागं डोकं ठेवा, पुढं नको!" कुस्तीत समोरचा उभा असतो. त्याच्या पायांत कुठल्या बाजूनं डोकं घातलं यानं फार बिघडत नाही. रग्बीत समोरची पूर्ण वेगानं धावत असते आणि डोकं तिच्या पुढं आलं तर तिचा गुडघा, तिची कंबर, तिचं सगळं वजन तुमच्या मानेवर येतं. हे मला आज असं स्वच्छ लिहिता येतं. तेव्हा ते सरांचं नेहमीचं ओरडणं होतं.

बाहेरगावचा संघ आला होता. राज्याच्या निवडीआधीचा सराव सामना. दुपार उतरली होती, मैदान भाजलेल्या मातीसारखं कडक. आण्णा पहिल्यांदाच आमचा खेळ बघायला आले होते आणि कडेला उभे राहून खांद्यावरचा टॉवेल सारखा या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकत होते. बाहेरगावच्या संघातल्या एका धिप्पाड पोरीनं चेंडू घेतला आणि कडेनं सुटली. नसीम तिरकी धावली. मी मागं होते. नसीम खाली वाकली, आण्णांनी शिकवलं होतं तशी, सुंदर, सापासारखी, आणि तिचं डोकं पुढं गेलं.

आवाज झाला. मी ओळखला. आमच्या सोप्यातला.

दोघी पडल्या. धिप्पाड पोरगी उठली. नसीम उताणी पडून आभाळाकडं बघत होती. मी धावत पोचले तेव्हा तिचे डोळे उघडे होते आणि ती घाबरलेली नव्हती, नुसती चकित झाली होती. म्हणाली, "वैशे, माझं हात कुठं हायत?"

"हितंच हायत की."

"मला गावनात."

त्याआधी पुण्याला झालेल्या रग्बीच्या शिबिरात एका दुपारी एक फिजिओथेरपिस्ट बाई आमच्याशी बोलल्या होत्या. जेवण जड झालं होतं आणि नसीम माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती. त्या बाईंचं एकच वाक्य माझ्या डोक्यात उरलं होतं: मान दुखावल्याची शंका आली तर डोकं आहे तसं धरा आणि मदत येईपर्यंत सोडू नका. का, ते आठवत नव्हतं. मी गुडघ्यांवर बसले, तिच्या कानांवर दोन्ही तळवे ठेवले आणि धरलं. सरांना म्हणाले, ॲम्ब्युलन्स बोलवा. सरांनी फोन काढला. तेवढ्यात आण्णा आले.

पोरी बाजूला झाल्या. आण्णांना बघून सगळ्यांचे चेहरे सैल झाले, मी ते डोळ्यांनी पाहिलं. कुणीतरी म्हणालं, "वस्ताद आले. आता काय काळजी न्हाय." आण्णा तिच्याजवळ बसले, टॉवेलला हात पुसले, तिच्या कपाळावरून हात फिरवला. "काय नसीमबाई, आभाळ मोजालीस काय?" नसीम हसली. मग ते मला म्हणाले, "सरक."

"न्हाय, आण्णा."

"सरक म्हणतो न्हवं. मान चढलीया तिची. एका झटक्यात बसंल."

"आण्णा, हात लावू नका."

ते थांबले. रागावले नाहीत, त्यांना खरंच कळलं नसावं. आमच्या घरात हे वाक्य आजवर कुणी उच्चारलंच नव्हतं. "खुळी हायस काय तू? किती मानी बसवल्या मी, तुझ्या डोळ्यादेखत?"

"व्हय. पर हिची न्हाय."

सर फोनवरून वळून म्हणाले, "वैशाली, वस्तादांस्नी बघू दे की. माझा खांदा त्यांनीच बसवला." कुणी पाणी आणलं, मी म्हणाले, पाजू नका. कुणी म्हणालं, माझी जीप हाय, घाला पाठीमागं आणि न्या. मी म्हणाले, उचलू नका. प्रत्येक वेळी माझा आवाज पहिल्यापेक्षा बारीक येत होता. आईच्या पत्रकांनी मला नको म्हणायला शिकवलं होतं, पण पत्रकात 'बहुतेक' हा शब्द कधी नसतो, आणि त्या मैदानावर माझ्याजवळ बहुतेकशिवाय काहीच नव्हतं. समोर बसलेल्या माणसानं आयुष्यभर माना हातात धरल्या होत्या. मी एक वाक्य अर्धवट ऐकलं होतं. आण्णांचं बरोबर असेल तर मी माझ्या मैत्रिणीला दुखत ठेवून तमाशा करत होते. माझं बरोबर असेल तर काय, याचा विचार करायचंही मला धाडस नव्हतं.

मग नसीमची अम्मी आली. मी तिला चाची म्हणायचे. गल्लीतून कुणीतरी तिला सांगितलं असणार, ती पिठाच्या हातानंच पळत आली होती. तिनं लेकीकडं पाहिलं, आणि लेकीला न शिवता सरळ आण्णांपुढं हात जोडले. "वस्ताद, बघा की हो. तुमच्या हाताला गुण हाय." मग माझ्याकडं वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "सोड बेटा. माझी पोर हाय ती."

ती तिचीच पोर होती. सगळे माझ्याकडं बघत होते आणि माझे तळवे ढिले पडायला लागले होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की एवढ्या गर्दीत कुणी नसीमला विचारलंच नव्हतं. मी खाली वाकले. "नसीम, काय करू? सोडू?"

ती वर बघत म्हणाली, "नको सोडूस. भ्या वाटालंय."

चाची तिथंच मातीत बसली आणि तोंडाला पदर लावला. मी दोन्ही कोपरं जमिनीवर टेकवली आणि धरून राहिले.

ॲम्ब्युलन्स येईना. सर परत परत फोन करत होते, गाडी निघालीय म्हणत होते. मी तोवरचा सगळा सामना खेळले होते. आधी पोटरीत गोळा आला, मग तो दंडात चढला, आणि मग माझे हात कापायला लागले. मी दात आवळले, श्वास रोखला, हात अजून जोरात कापू लागले. नसीमचं डोकं माझ्या तळव्यांत हलत होतं. थोडंसंच, पण हलत होतं. तिनं डोळे मिटले. मला रडू येत होतं आणि रडले तर आणखी हलेल म्हणून रडता येत नव्हतं. हे डोकं कुणाच्या तरी हातात द्यायला हवं होतं. सरांचे हात तर फोन धरतानासुद्धा थरथरत होते. पोरी रडत होत्या. त्या मैदानावर दगडासारखे स्थिर असे एकाच माणसाचे हात होते, आणि त्याच हातांपासून मी इतका वेळ नसीमला वाचवत होते.

पुढं मी देशाकडून खेळले. परक्या मैदानावर माझ्या दुप्पट वजनाच्या बायका अंगावर येताना पाहिल्या. बर्फात अडकलेल्या गाडीत, बाहेर दरड कोसळत असताना, जखमी जवानाचं डोकं मांडीवर घेऊन बसले. त्या दुपारी वाटली तेवढी भीती मला त्यानंतर वाटलेली नाही.

"आण्णा," मी म्हणाले, "माझं हात गेलं. तुम्ही धरा."

ते लगेच पुढं सरकले.

"पर वडायचं न्हाय. फिरवायचं न्हाय. नुसतं धरायचं."

"कवापत्तूर?"

"गाडी येस्तवर."

नसीमनं डोळे उघडले. "वैशे, वडतील काय गं?"

"न्हाय वडणार," मी म्हणाले. मला ठाऊक नव्हतं. त्यांची बोटं माझ्या बोटांशेजारी आली, जाडजूड, फाउंड्रीतल्या चटक्यांच्या डागांची. मी एक हात काढला. मग दुसरा. आता नसीमचं डोकं पूर्णपणे त्यांच्या हातात होतं आणि त्यांनी काही ठरवलं असतं तर त्यांना अडवायला कुणालाच वेळ मिळाला नसता. डोकं हलायचं थांबलं. पाण्यात ठेवलेल्या परातीसारखं निवांत झालं. मी त्यांच्या समोर गुडघ्यावर बसून फक्त त्यांच्या बोटांकडं बघत होते.

थोड्या वेळानं त्यांचा उजवा अंगठा सरकला. कानाखालून मानेकडं, मणक्याच्या दिशेनं, अगदी हळू. चेहरा दुसरीकडंच होता. तो अंगठा आपणहूनच निघाला होता, सोप्यात रोज सकाळी निघायचा तसा.

"आण्णा."

अंगठा थांबला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि तो जिथून निघाला होता तिथं परत नेऊन ठेवला. त्यानंतर तो हलला नाही. त्यांच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, त्यांनी तो पुसून घेतला नाही. चाचीनं आपल्या पदरानं तो टिपला. काहीही न करता बसून राहणं या माणसाला किती अवघड गेलं असेल हे तेव्हा मला कळण्याजोगं नव्हतं. ॲम्ब्युलन्समधल्या माणसांनी गळ्याभोवती पट्टा बांधून नसीमला फळीवर घेतलं, तेव्हा त्यांनीच आण्णांना सांगितलं, आता सोडा. त्यांना ते दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

सरकारी दवाखान्यात मानेचे एक्स-रे काढले. तरुण डॉक्टर होता, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यानं चाचीला आणि आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं की मानेचा मणका मोडला आहे, पण जागेवरून सरकलेला नाही. मज्जारज्जूला सूज आहे, हातात ताकद हळूहळू येईल. मग सहज विचारल्यासारखं म्हणाला, "मान कुणी ओढली-बिढली नाही ना? आपल्याकडं फार करतात." चाचीनं नाही म्हणून मान हलवली. "नशीब," डॉक्टर म्हणाला. "ओढली असती तर गळ्याखालचं सगळं गेलं असतं. कदाचित श्वाससुद्धा."

चाचीनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. मला आनंद व्हायला हवा होता. मी बरोबर होते, आणि पत्रकात लिहितात तसं ठणकावून बरोबर होते. पण माझं लक्ष आण्णांकडं गेलं. ते डॉक्टरच्या मागोमाग दारापर्यंत गेले होते.

"डॉक्टरसाहेब, एक इचारायचं हुतं. वडल्यावर ते लगीच कळतंय, का मागनं?"

"कधी लगेच, कधी दोन-तीन दिवसांनी सूज वाढली की. का हो?"

"काय न्हाय. आपलं सहज."

ते जिन्यानं खाली उतरले. मी मागोमाग गेले. गाड्या लावायच्या जागेत, आपल्या मोटारसायकलच्या सीटवर हात ठेवून ते उभे होते. माझ्याकडं न बघता बोलायला लागले. "कागलकडचा एक पोरगा हुता. तू लहान हुतीस. आखाड्यात डोस्क्यावर आपटला. मी मान बसवली त्येची. चहा पिऊन, हसत, आपल्या पायानं घरला गेला. तिसऱ्या दिशी हातपाय गेलं त्येचं." त्यांनी सीटवरची धूळ पुसली. "समदी म्हणली, अंगावरनं वारं गेलं, लकवा मारला. मी बी म्हणलो. बघायला गेलतो त्येला. त्येची आई माझ्या पाया पडली." मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "वारंच असंल न्हवं, वैशे?"

ते मला विचारत होते. वस्ताद, आण्णा, मला. "मला ठाऊक न्हाय, आण्णा," मी म्हणाले, आणि ते खरं होतं. त्यांनी मान डोलावली आणि गाडीला किक मारली.

दुसऱ्या दिवशी सोप्यात माणसं होती. खांदा, घोटा, मनगट त्यांनी नेहमीसारखं पाहिलं. मान धरून आलेल्या पोराला ते म्हणाले, "मानंचं मी करत न्हाय," आणि त्याला गाडीवर मागं बसवून स्वतः दवाखान्यात घेऊन गेले. पेठेत दोन तऱ्हांनी बोललं गेलं. वस्ताद थकले, आणि पोरीनं वस्तादांचं डोस्कं फिरवलं. आई मानेवरचं पत्रक लिहायला बसली आणि पहिल्यांदाच न लिहिता उठली. नसीम काही महिन्यांनी चालायला लागली, तिनं पुन्हा चेंडू धरला नाही. आता तिचं दोन लेकरांचं घर आहे आणि मी रजेवर गेले की ती मला अजून दुधावरून चिडवते.

तो मणका, तो झटका आणि तिसऱ्या दिवशी गेलेले हातपाय यांचा संबंध मी लष्कराच्या वैद्यकीय कॉलेजात दुसऱ्या वर्षाला शिकले. त्या दिवशी मी वर्गातून उठून बाहेर गेले. तेव्हापासून मला आण्णांच्या त्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक आहे; त्यांनी तो पुन्हा विचारलेला नाही. खोटं बोलणं मला घरात शिकवलेलं नाही, ना आईनं, ना त्यांनी.

गेल्या रजेत दुपारी जेवणं झाली, आई भांडी आवरत होती. आण्णा सोप्यात भिंतीला टेकून बसले होते. सोपा आता रिकामा असतो. मी पुढ्यात बसून सुपारी कातरत होते. बराच वेळ ते माझ्या हातांकडं बघत राहिले.

"वैशे, तू आता डॉक्टर हायस. एक इचारू?"

माझा हात थांबला. "विचारा."

त्यांनी खिशात हात घातला, चाचपला, आणि गोळ्यांचं पाकीट काढून माझ्यापुढं धरलं. "ही बीपीची गोळी. जेवणाआधी घ्यायची, का जेवल्यावर?"

"कधीबी चालती, आण्णा," मी म्हणाले. "फक्त रोज घ्या."

"बरं," ते म्हणाले. पण पाकीट खिशात परत ठेवलं नाही. ते हातातच धरून, माझ्याकडं बघत बसून राहिले.